दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे

वाचकांचे प्रश्न : जुन्या रॉक आणि मेटल अल्बमांचे श्रवण

मागच्या अंकात 1970 ते 1988 या काळातील काही रॉक आणि मेटल अल्बमांवर मी गाणेवार अभिप्राय लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. बऱ्याच पत्रांतून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : गाजलेली दोन-तीन गाणी सोडली, तर अल्बममधली बाकीची गाणी भरतीची वाटतात. ही तक्रार मी स्वतःही पुष्कळ वर्षे करत आलो होतो, म्हणून पहिले उत्तर जरा लांबले आहे.

प्रश्न : डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन वेळा ऐकला. ‘हायवे स्टार’ आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ वगळता एकही गाणे मनात राहिले नाही. आपण मात्र तो सलगच ऐकावा असे लिहिले आहे. आपल्याला त्यात काय ऐकू येते?

उत्तर : आपण हा अल्बम फोनवर किंवा संगणकावर ऐकला असावा, असे धरून चालतो. तेथे त्याची सात गाणी एका रांगेत येतात. मार्च 1972 मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा तबकडीच्या पहिल्या बाजूवर चार गाणी होती आणि दुसऱ्या बाजूवर तीन. मध्ये श्रोत्याला उठून तबकडी उलटावी लागत असे. आपल्याला जे पाचवे गाणे म्हणून भेटते, ते ‘स्मोक ऑन द वॉटर’ मुळात दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे आहे. चार गाण्यांच्या पाठोपाठ आलेले पाचवे गाणे आणि शांततेनंतर सुई टेकताच सुरू होणारे गाणे, या दोन्हींचा कानावर होणारा परिणाम अगदी निराळा असतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की चौथे गाणे संपल्यावर यंत्र थांबवावे, दोन-चार मिनिटे काहीही ऐकू नये आणि मगच पुढे जावे.

आता गाणी क्रमाने घेऊ. ‘हायवे स्टार’ची सुरुवात एकाच स्वरावर ठाण मांडून बसते, ठोके साचत जातात, आवाज फुगत जातो आणि त्या ताणातून गायक इयन गिलनचा आवाज फुटतो. या गाण्यात लक्ष सहसा गिटारकडे जाते, परंतु आधी येणारा जॉन लॉर्ड यांचा ऑर्गनचा सोलो वगळून गिटारचा सोलो ऐकला तर तो अर्धाच कळतो. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शल कंपनीच्या गिटारसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवत असत, त्यामुळे त्या वाद्याला चर्चमधल्या ऑर्गनचा सौम्यपणा उरत नाही. त्याचा आवाज फाटतो, खरखरतो आणि गिटारच्या अंगावर जातो. रिची ब्लॅकमोर यांचा पुढचा सोलो त्या चढाईला दिलेले उत्तर आहे. तो आयत्या वेळी सुचलेला नव्हता. बाखच्या धाटणीच्या स्वरक्रमावर एकेक स्वर आधी बसवून तो मुद्रित केला होता, आणि त्यातली ती नेमकी शिस्त वेगाच्या भरातही ढळत नाही.

‘मेबी आयम अ लिओ’ इतक्या वेगानंतर येते आणि निम्म्या गतीने चालते. आपल्याला ते फिके वाटले असणार, कारण कान अजून मागच्या गाण्याच्या वेगात असतात. त्याची गंमत रिफच्या (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरबंधाच्या) सुरुवातीत आहे : रिफ समेवर पडत नाही, किंचित नंतर उचलला जातो, आणि त्यामुळे संपूर्ण गाणे जरा मागे रेलून चालल्यासारखे वाटते. इयन पेस यांच्या ड्रम्सकडे कान लावून हे गाणे पुन्हा ऐकावे. ‘पिक्चर्स ऑफ होम’ हे माझे या बाजूवरचे सर्वांत आवडते गाणे आहे. परक्या डोंगरांत अडकलेल्या माणसाचा एकटेपणा त्यात आहे आणि रॉजर ग्लोव्हर यांना बेस गिटारवर एक छोटासा सोलो मिळाला आहे, जो अशा संगीतात त्या काळी क्वचितच कोणी देत असे.

‘नेव्हर बिफोर’बद्दल आपले मत मला मान्य आहे. मला ते या अल्बममधले सर्वांत अशक्त गाणे वाटते. वाद्यवृंदाला मात्र हेच गाणे लोकप्रिय होईल असे वाटले होते आणि एकल तबकडी (सिंगल) म्हणून आधी तेच काढले गेले. त्या तबकडीच्या मागच्या बाजूवर ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ हे संथ, अतिशय व्याकूळ गाणे टाकले होते, जे याच बैठकांत मुद्रित झाले असूनही अल्बममधून गळले. पहिली बाजू ‘नेव्हर बिफोर’ऐवजी त्या गाण्याने संपली असती, तर हा अल्बम निर्दोष झाला असता, असे मला वाटते, आणि हे मत मी अनेकदा ऐकून पक्के केले आहे.

‘स्मोक ऑन द वॉटर’ची कथा गाण्यातच सांगितली आहे. 4 डिसेंबर 1971 रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रँक झापा यांच्या कार्यक्रमात कोणीतरी छताकडे फ्लेअर (इशाऱ्याचा पेटता बार) झाडला आणि ज्या कॅसिनोत डीप पर्पलला ध्वनिमुद्रण करायचे होते, तो कॅसिनोच जळाला. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात, बाहेर उभ्या केलेल्या रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या ध्वनिमुद्रण-गाडीच्या साहाय्याने बहुतेक काम झाले. त्या सुप्रसिद्ध रिफचे स्वर सांगायचे तर सा, कोमल गंधार आणि शुद्ध मध्यम एवढेच, आणि दुसऱ्या आवर्तनात मध्यमाच्या आधी क्षणभर तीव्र मध्यमाचा स्पर्श. प्रत्येक स्वराखाली त्याचा पंचम वाजतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. नवशिके हा रिफ जोराने छेडतात, परंतु ब्लॅकमोर तो पिकने (तारा छेडण्याच्या चिपेने) झोडत नाहीत, बोटांनी तारा एकदम उचलतात. मूळ मुद्रणातला कोरडा, कातीव आवाज त्यातून आला आहे.

यानंतर येणाऱ्या ‘लेझी’वर मी पूर्वी अन्याय केला होता. सात मिनिटांहून मोठ्या या गाण्यात गायक चार मिनिटांनंतर येतो, म्हणून मी ते नुसते वाजवणे समजून पुढे सरकवत असे. आज मला ते दुसऱ्या बाजूचा कणा वाटते. ‘स्मोक ऑन द वॉटर’मध्ये सर्वांनी आपापली वाद्ये आवरून धरलेली असतात, सगळा भार त्या एका रिफवर असतो; ‘लेझी’त ती सुटतात, ब्लूजच्या अंगणात मनसोक्त धावतात आणि गिलन तोंडाचा हार्मोनिकाही वाजवतात. शेवटी ‘स्पेस ट्रकिन’ या सगळ्याला पुन्हा एका ठोसर रिफवर आणून बांधते. रंगमंचावर ते किती फुगू शकते, हे ‘मेड इन जपान’ या 1972 मध्ये मुद्रित झालेल्या मैफलीत ऐकावे. तेथे साडेचार मिनिटांचे हे गाणे जवळजवळ वीस मिनिटे चालते.

प्रश्न : आयर्न मेडनच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मधील ‘गँगलँड’ला आपण सर्वांत कमी गुण दिलेत. ते गाळून हा अल्बम ऐकला तर काही बिघडते का?

उत्तर : गाळू नये असे मी सांगेन, जरी त्या गाण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. वेगवान ड्रम्स आणि सर्वांचा उत्साह असूनही त्याला लक्षात राहील असा स्वरबंध नाही. ही केवळ श्रोत्यांची कुरकुर नाही. अल्बमच्या आधी, फेब्रुवारी 1982 मध्ये, ‘रन टू द हिल्स’ची एकल तबकडी काढायची होती आणि तिच्या मागच्या बाजूसाठी ‘गँगलँड’ व ‘टोटल एक्लिप्स’ यांपैकी एक गाणे घाईने निवडावे लागले. ‘टोटल एक्लिप्स’ तिकडे गेले, ‘गँगलँड’ अल्बममध्ये राहिले, आणि ही निवड उलटी व्हायला हवी होती असे बेसवादक आणि मुख्य गीतकार स्टीव्ह हॅरिस यांनी पुढे स्वतःच सांगितले. चाळीस वर्षांनी निघालेल्या तबकडीत ‘गँगलँड’च्या जागी ‘टोटल एक्लिप्स’ बसवण्यात आले.

तरीही त्या जागेचा विचार करावा. दुसरी बाजू शीर्षकगीताने उघडते, म्हणजे येथेही अल्बमचे सर्वांत मोठे पत्ते बाजू पालटल्यावर टाकले आहेत. त्याच्या पाठोपाठ ‘रन टू द हिल्स’ येते, आणि शेवटी ‘हॅलोड बी दाय नेम’. फाशीच्या कोठडीतल्या माणसाच्या अखेरच्या घटकांवरचे हे सात मिनिटांहून मोठे गाणे मला मेडनच्या पहिल्या दहा वर्षांतील सर्वोच्च काम वाटते. घंटेचे टोल, त्यावर ब्रूस डिकिन्सन यांचा जवळजवळ बोलल्यासारखा दबका आवाज, आणि मग एका लांबवलेल्या स्वरानंतर दोन गिटारींनी एकत्र घेतलेली धाव. या घंटेआधी कानांना एक सामान्य मजकूर हवा असतो, ज्यात आपण जरा सैल बसतो. ‘टोटल एक्लिप्स’ अधिक चांगले गाणे आहे, यात शंका नाही, पण ते जड आणि काळोखे आहे, आणि त्याच्यानंतर लगेच आलेली घंटा माझ्या कानांना थोडी कमी गंभीर वाटते. या बाबतीत हॅरिस यांच्याशी मतभेद नोंदवताना मला संकोच वाटतो, परंतु ऐकताना जे जाणवले तेच लिहिले पाहिजे.

आपण पहिल्या बाजूविषयी विचारलेले नाही, तरी एक सांगतो. ‘इन्व्हेडर्स’ हे सुरुवातीचे गाणे ‘गँगलँड’पेक्षाही अधिक चुकीच्या जागी आहे. डिकिन्सन यांचा मेडनबरोबरचा हा पहिला अल्बम, आणि त्यांच्या आवाजाची खरी ओळख ‘चिल्ड्रन ऑफ द डॅम्ड’मध्ये होते, जेथे तो हळूहळू वर चढत जातो. या गाण्याने बाजू उघडायला हवी होती. ड्रमवादक क्लाइव्ह बर यांचा मात्र हा शेवटचा अल्बम. ‘द प्रिझनर’च्या आरंभीचे त्यांचे ठोके ऐकल्यावर ते का हवेसे वाटत राहतात हे कळते.

प्रश्न : जुन्या अल्बमांत मऊ गाणी बाजूच्या शेवटी आणि धडाक्याची सुरुवातीला का असतात? हा संकेत आहे की त्यामागे काही तांत्रिक कारण आहे?

उत्तर : दोन्ही आहे. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद, या ठरावीक गतीने फिरते. बाहेरच्या कडेला एक फेरा मोठा असल्यामुळे सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खोबण सरकते. आत, लेबलाच्या जवळ, तीच लांबी सुमारे 21 सेंटिमीटरवर येते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो, त्यामुळे उंच स्वर बोथट होतात आणि झांजा व गायकाचे स-श-चे उच्चार चरचरू लागतात. शिवाय जोराचा आवाज आणि खोल बेस यांना रुंद खोबण लागते. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत घातले, तर सर्वच आवाज हलका ठेवून कोरावा लागतो. म्हणून दणदणीत गाणे कडेला आणि शांत गाणे आत, हा शहाणपणाचा मार्ग होता.

पण संगीतकार हा नियम मोडतातही, आणि तो जेथे मोडला आहे तेथे मुद्दाम कान द्यावा. लेड झेपलिनच्या 1971 मधील शीर्षकहीन चौथ्या अल्बमची दुसरी बाजू ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याने संपते. हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या उंच दालनात जॉन बॉनम यांचे ड्रम्स मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी वरून दोन मायक्रोफोन सोडले होते. त्या दालनाचा घुमारा म्हणजेच हे गाणे. 1927 च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर, 1929 मध्ये कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी यांनी मुद्रित केलेल्या ब्लूजवर ते आधारलेले आहे. इतका अवजड आवाज सर्वांत आतल्या खोबणीत ठेवण्याची जोखीम त्यांनी घेतली, कारण या गाण्यानंतर दुसरे काही वाजू शकत नाही.

रेनबोच्या ‘रायझिंग’ची विभागणीही अशीच ठाम आहे. पहिल्या बाजूवर चार आटोपशीर गाणी आहेत आणि दुसऱ्या बाजूवर फक्त दोन, प्रत्येकी आठ मिनिटांहून मोठी. त्यातले पहिले ‘स्टारगेझर’. कोझी पॉवेल यांच्या ड्रम्सच्या आवाहनानंतर म्युनिक फिलहार्मॉनिकच्या साथीने ते चढत जाते. मनोरा बांधणाऱ्या गुलामांची ही गोष्ट रॉनी जेम्स डिओ यांनी अशी गायली आहे, की शेवटच्या मिनिटांत गाणे मंदावत असताना त्यांचा आवाज थकल्यासारखा वाटत नाही, उजाड झाल्यासारखा वाटतो. पहिल्या बाजूची गाणी त्यापुढे किरकोळ वाटतात हे खरे, तरी ‘टॅरो वुमन’च्या आरंभीचा सिंथेसायझर वगळू नये. ‘मशीन हेड’चे ध्वनिमुद्रक, ‘रायझिंग’ आणि ‘द नंबर ऑफ द बीस्ट’चे निर्माते, हे एकच गृहस्थ होते : मार्टिन बर्च. तिन्ही अल्बमांतील दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे आठवून पाहावे.

प्रश्न : ब्लॅक सॅबथचा ‘पॅरनॉइड’ हा मेटलचा पाया मानला जातो. मग त्यात ‘प्लॅनेट कॅरव्हान’सारखे झोपाळू गाणे कशासाठी? सुरुवात पहिल्या अल्बमपासून करावी की ‘पॅरनॉइड’पासून?

उत्तर : ‘आयर्न मॅन’च्या आधी ‘प्लॅनेट कॅरव्हान’ नसते, तर ‘आयर्न मॅन’चे ते पहिले संथ, धातूवर घण पडल्यासारखे ठोके इतके भारी वाटले नसते. पहिल्या बाजूची रचना पाहावी. सुमारे आठ मिनिटांचे ‘वॉर पिग्ज’, ज्यात युद्ध लावणाऱ्यांवरचा संताप भोंग्याच्या आवाजापासून वाढत जातो. त्यानंतर तीन मिनिटांच्या आतले ‘पॅरनॉइड’, जे अल्बमची लांबी कमी पडते म्हणून अर्ध्या तासाच्या आत रचले गेले आणि शेवटी शीर्षक बनून बसले. मग हे शांत गाणे, ज्यात ओझी ऑस्बोर्न यांचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि पियानो ध्वनिमुद्रक टॉम अ‍ॅलम यांनी वाजवला आहे. आणि मग ‘आयर्न मॅन’. जडपणा ही तुलनेने कळणारी गोष्ट आहे. या चार वादकांना ते विशीच्या आसपास असतानाच उमगले होते, याचे मला आजही आश्चर्य वाटते. दुसऱ्या बाजूवर ‘हँड ऑफ डूम’ विशेष लक्ष देऊन ऐकावे : व्हिएतनाममधून अमली पदार्थांच्या विळख्यात परतलेल्या सैनिकांवरचे हे गाणे दबक्या बेसवर सुरू होते, उसळते आणि पुन्हा त्याच बेसवर येऊन विझते. ‘रॅट सॅलड’ हा बिल वॉर्ड यांच्या ड्रम्ससाठीचा छोटा तुकडा आहे. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

सुरुवात मात्र पहिल्या अल्बमपासून करावी, निदान त्याच्या पहिल्या गाण्यापासून. 13 फेब्रुवारी 1970 रोजी तो प्रसिद्ध झाला आणि त्याचे मुद्रण जवळजवळ एका दिवसात उरकले होते. पाऊस, गडगडाट, दूरची घंटा, आणि मग तीनच स्वर : षड्ज, तार षड्ज आणि तेथून खाली तीव्र मध्यम. षड्जाला हा स्वर कुठेच टेकू देत नाही, म्हणून पाश्चात्त्य संगीताने त्याला पूर्वापार अस्वस्थ करणारा मानले आहे. गिटारवादक टोनी आयोमी यांनी सतराव्या वर्षी कारखान्यातील अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती, आणि ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा लावल्या, आणि 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. ज्या मंद्र, सैल आवाजाला पुढे सगळ्या जगाने मेटल म्हटले, त्यात या दोन बोटांचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा ‘राइड द लाइटनिंग’चीच नक्कल आहे, असे मला दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर वाटले. हे चूक आहे का?

उत्तर : आराखडा सारखा आहे, हे आपण अचूक हेरले. 1984 चा ‘राइड द लाइटनिंग’ आणि 1986 चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, दोन्ही अल्बम शांत गिटारीने उघडून लगेच सर्वांत वेगवान गाण्यात शिरतात; दुसरे गाणे शीर्षकाचे; चौथे संथ सुरुवातीचे, ज्याने पहिली बाजू संपते; आणि गायनाविना एक मोठी रचना शेवटाकडे. फरक त्या शेवटाकडच्या रचनेच्या जागेत पडतो. ‘राइड द लाइटनिंग’ तिच्यावरच थांबतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये ‘ओरायन’ सातव्या जागी आहे आणि त्यानंतर ‘डॅमेज, इंक.’ येऊन पुन्हा सगळे पेटवते. ‘ओरायन’चा मधला भाग, जेथे सर्व थांबून क्लिफ बर्टन यांचा बेस एकटा चाल धरतो, हा मला या संगीतातला सर्वांत हळवा क्षण वाटतो. 27 सप्टेंबर 1986 रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात बर्टन गेले, ते अवघ्या चोवीस वर्षांचे होते, आणि ही माहिती बाजूला ठेवून तो भाग ऐकणे मला आता जमत नाही. गुण देताना याचा परिणाम होतो, हे मी मान्य करतो.

‘द थिंग दॅट शुड नॉट बी’ मला लांबलेले वाटते. ‘डिस्पोझेबल हीरोज’ त्याहून लांब आहे, तरी लांबलेले वाटत नाही, कारण तिथे उजव्या हाताची अखंड ठोकणी सैनिकाच्या यांत्रिक आज्ञापालनाचाच अर्थ सांगते. सुमारे पंचावन्न मिनिटांचा हा अल्बम मुळात एकाच तबकडीवर, म्हणजे एका बाजूला सत्तावीस मिनिटे, असा बसवला होता. वर सांगितलेले खोबणीचे गणित लक्षात घेतले, तर जुनी तबकडी हलक्या आवाजाची का वाटते हे कळेल.

प्रश्न : एकाच अल्बमच्या इतक्या आवृत्त्या मिळतात. मत कोणत्या आवृत्तीवरून बनवावे?

उत्तर : शक्यतो पहिल्या प्रसिद्ध आवृत्तीच्या क्रमावरून आणि तिच्याच मुद्रणावरून. नुसते आवाज वाढवलेले रीमास्टर (जुन्या मुद्रणावर नव्याने संस्कार करून काढलेली आवृत्ती) ऐकले, तर मंद आणि जोरदार यांतले अंतर आक्रसते आणि ‘प्लॅनेट कॅरव्हान’ व ‘आयर्न मॅन’ यांच्यासारखी जोडीच निरर्थक होते. काही वेळा बदल त्याहून गंभीर असतो. ओझी ऑस्बोर्न यांच्या पहिल्या दोन एकल अल्बमांच्या 2002 च्या आवृत्त्यांत बॉब डेझली यांचा बेस आणि ली कर्स्लेक यांचे ड्रम्स काढून दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेले भाग बसवले होते. मूळ वादन 2011 मध्ये परत आणले गेले. ज्यांनी फक्त मधल्या काळातली आवृत्ती ऐकली, त्यांनी रँडी ऱ्होड्स यांची गिटार ऐकली, पण ती ज्यांच्याबरोबर वाजली होती त्या माणसांना ऐकले नाही. याचा मला मनापासून खेद वाटतो. उलट उदाहरण मेटॅलिकाच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’चे : 1988 मध्ये त्यातला जेसन न्यूस्टेड यांचा बेस जवळजवळ ऐकूच येत नव्हता, आणि 2018 मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला तेव्हाही तो वाढवला गेला नाही. ही उणीव मला खटकते, तरी तो निर्णय योग्य होता.

क्रमही बदललेला असू शकतो. ज्युडास प्रीस्टचा 1980 चा ‘ब्रिटिश स्टील’ ब्रिटनमध्ये ‘रॅपिड फायर’ने सुरू होतो, अमेरिकेतल्या आवृत्तीत ‘ब्रेकिंग द लॉ’ने. गाजणारे गाणे पुढे आणले गेले, एवढेच वाटेल. पण ‘रॅपिड फायर’ आणि ‘मेटल गॉड्स’ ऐकून कान तापल्यावर तिसऱ्या जागी आलेले ‘ब्रेकिंग द लॉ’ सुटसुटीत आणि मोकळे वाटते. पहिल्याच जागी ते निव्वळ आकर्षक ठरते. मी ब्रिटिश क्रमच धरतो.

प्रश्न : स्लेयरच्या ‘रेन इन ब्लड’मध्ये दहा गाणी एकोणतीस मिनिटांच्या आत संपतात आणि बरीचशी एकमेकांत मिसळतात. अशा अल्बमवर गाणेवार मत देता येते का?

उत्तर : फारसे येत नाही, आणि मी ते दिलेही नव्हते. पहिले गाणे ‘एंजल ऑफ डेथ’ आणि शेवटचे ‘रेनिंग ब्लड’ या दोन खांबांमधली आठ गाणी एका दमात घ्यायची आहेत. त्यातल्या एखाद्यावर स्वतंत्र गुण ठेवणे म्हणजे धावत्या माणसाच्या एका पावलाला गुण देण्यासारखे आहे. निर्माते रिक रूबिन यांनी घुमारा काढून टाकून प्रत्येक वाद्य कानाजवळ आणले, म्हणून इतक्या वेगातही डेव्ह लोम्बार्डो यांचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. ‘एंजल ऑफ डेथ’ ऑशविट्झ छळछावणीतील डॉक्टर मेंगेले याच्या अमानुष कृत्यांविषयी आहे, आणि त्यामुळे एका मोठ्या कंपनीने 1986 मध्ये हा अल्बम वितरित करण्यास नकार दिला होता. ते गाणे ऐकताना विषयाचे भान ठेवावे, हे मी आवर्जून सांगेन.

लांबीविषयी इतकेच, की अल्बम इतका आखूड असल्यामुळे कॅसेटच्या एकाच बाजूवर तो संपूर्ण मावत असे आणि दुसऱ्या बाजूवर पुन्हा तोच भरलेला असे. ‘रेनिंग ब्लड’च्या शेवटी नुसता पाऊस उरतो. तो थांबल्यावर कॅसेट उलटवून लावली, की दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे पुन्हा ‘एंजल ऑफ डेथ’.